पाच वर्षांच्या नातीची पहिली फुटबॉल मॅच : शाहू स्टेडियमवर न्यायचं का?

पाऊसवेडी | १८ एप्रिल, रात्री १०:४२

मंडळी, सल्ला हवाय. आम्ही पुण्यात राहतो, सासर कोल्हापूर, शिवाजी पेठ. सुट्टीत ठमीला (वय पाच वर्षं दोन महिने) घेऊन पंधरा दिवस जाणार आहोत. साबुंनी (सासरेबुवांनी) फोनवरच जाहीर केलंय, "यंदा पोरीला स्टेडियम दाखवणार." स्टेडियम म्हणजे शाहू स्टेडियम, आणि दाखवणार म्हणजे भरलेलं दाखवणार. रिकामं दाखवण्यात त्यांना रस नाही.

साबुंचं वय बहात्तर. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय, पण ते त्यांच्या मते फक्त घरातल्या जिन्यांना लागू आहे. संघ कुठला ते लिहीत नाही, धाग्याचं रणांगण व्हायचं.

माझ्या शंका अशा : गर्दीत पोर कशी सांभाळायची? ठमी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला कान झाकते, तिथल्या आवाजाचं काय? बायका असतात का तिथे? लग्नानंतर एकदा गेले होते, तेव्हा आमच्या बाजूला मी धरून चौघी होतो. आणि शिव्या. नवरा म्हणतो, "मी चार वर्षांचा असताना गेलो होतो, मला काय झालं?" यावर मी काही बोलले नाही.

टीव्हीवर ती बाबाच्या मांडीवर बसून मॅच बघते. म्हणजे दहा मिनिटं बघते, मग झोपते.

लिंबूटिंबू | १८ एप्रिल, रात्री १०:५१

न्या. पुढचा प्रश्न?

(नवऱ्याच्या वाक्यावर तुम्ही गप्प राहिलात त्याबद्दल तुम्हाला शांततेचा पुरस्कार.)

मंगळवारपेठकर | १८ एप्रिल, रात्री ११:२०

वैनी, शिवाजी पेठ लिहिल्यावर लपवायला राहिलंय काय? :) तरी बरं, शिवाजी तरुण, खंडोबा तालीम, संध्यामठ, एवढे पर्याय हायत तुमच्याकडं. आम्ही पाटाकडीलवाले. तरीपण पोरीसाठी खरं सांगतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती. पण आमच्या फुटबॉल संघांची नावंच बघा की, पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. ज्या तालमीच्या मातीत बाप उतरला त्याच तालमीच्या नावाची जर्सी पोरगं घालतंय. त्यामुळं आमच्याकडं संघ निवडायचा नसतोय, तो गल्लीबरोबर मिळतोय. तुमच्या सासऱ्यांना नातीला मॅच दाखवायची न्हाई, तिची नोंद करायचीय. हे एकदा समजून घ्या, मग निम्मी भांडणं टळतील.

आता कामाचं. मॅच निवडा. केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमधल्या सुरवातीच्या मॅचला निवांत बसता येतंय. पण तुम्ही येणार मे महिन्यात, तवा चषकांचा हंगाम, बाद फेऱ्या. त्यातपण उपांत्य, अंतिम आणि पेठ विरुद्ध पेठ सोडा. पहिल्या फेरीची बघा. अर्धा तास आधी जावा. ताशा-हलगीवाली पोरं जिथं बसतील तिथनं लांब, गेटाजवळच्या टोकाला, वाटेच्या कडंला बसा. आणि संपायच्या धा मिनिटं आधी उठा, कारण सगळे एकदम बाहेर पडत्यात.

शिव्या हायत. खोटं बोलत न्हाई.

ठाम_मत | १९ एप्रिल, सकाळी ७:०५

पाच वर्षांच्या मुलीला तिथे नेण्याचा हट्ट कशासाठी? कोल्हापुरात समर्थकांच्या हाणामाऱ्या, दगडफेक, पोलिसांचा लाठीमार हे पेपरात वाचलेलं आहे. सामने थांबवावे लागले आहेत. खेळ दाखवायचा तर बागेत चेंडू घेऊन जा. आजोबांची हौस आजोबांनी एकट्याने भागवावी.

मंगळवारपेठकर | १९ एप्रिल, सकाळी ८:४०

@ठाम_मत, झालंय ते, नाकारत न्हाई. आणि झालं की सगळ्यात जास्त लाज आम्हालाच वाटती, कारण दुसऱ्या दिवशी ज्याच्याशी भांडलो त्याच्याच टपरीवर चहा प्यायचा असतोय. म्हणून तर म्हटलं मॅच निवडा. पण हंगामभर मॅचा होत्यात, पेपरात येती ती ज्यादिवशी राडा होतोय तीच. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता. त्यालापण कुणीतरी धाकटा असताना हात धरून मैदानाकडं नेलंच असंल की.

गोळीवाली | १९ एप्रिल, सकाळी ९:१५

बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन शब्द, बाकी फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही.

मुलांच्या मापाचे कानावर बसणारे जाड कानझाके मिळतात, बांधकामावर कामगार लावतात तसे. गाणी ऐकायचे हेडफोन नव्हेत. कापसाचे बोळे कोंबू नका, त्याने आवाज फारसा अडत नाही आणि बोळा आत सरकला तर माझ्याकडे यावं लागतं. कानझाके आधी घरी तीन-चार दिवस खेळात घालू द्या. ऐनवेळी पहिल्यांदा घातले तर मूल त्यालाच घाबरतं.

मे महिन्यातली दुपार आहे. सूर्य पाठीमागे राहील अशा बाजूला बसा, टोपी घाला, पाणी थोडं थोडं सारखं द्या. तिच्या मनगटावर पेनने तुमचा फोन नंबर लिहा. आणि निघण्याआधी शू. निघताना एकदा आणि रस्त्यात कुणी ओळखीचं घर असेल तर परत एकदा.

कुलाबेकर | १९ एप्रिल, दुपारी १:३०

माझी पहिली मॅच मुंबईच्या कूपरेज मैदानावर. १९६४ असावं, मी सात वर्षांचा. वडील गिरणगावातून बसने आणि पुढे पायी घेऊन आले. रोव्हर्स कपचे दिवस. ही स्पर्धा १८९१ पासूनची, देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. वडील हैदराबाद सिटी पोलीस संघाचे भक्त. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स जिंकलं होतं, आणि आमच्या घरात ती पाच वर्षं शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांसारखी मोजून सांगितली जात.

तर मला त्या दिवशी काय दिसलं? ढुंगणं. क्षमा करा, पण दुसरा शब्द नाही. चेंडू पुढे गेला की समोरचा अख्खा माणूससमुदाय उभा राहायचा आणि मला धोतरं, पाटलोणी, एक खाकी अर्धी चड्डी एवढंच दिसायचं. वडिलांनी सुरुवातीला खांद्यावर घेतलं. मग मागचे ओरडले म्हणून उतरवलं. नव्वद मिनिटांत मी चेंडू बहुधा चार वेळा पाहिला.

पुढे टाटा, महिंद्रा, मफतलाल, ओर्के अशा कंपन्यांच्या संघांच्या मॅचेस त्याच मैदानावर मी मनसोक्त पाहिल्या, नोकरीतून दांड्या मारून पाहिल्या. पण माझ्या मुलाला पहिल्यांदा नेलं तेव्हा ठरवून सगळ्यात पुढच्या रांगेत बसवलं. पुढून खेळ नीट कळत नाही, डावपेच तर अजिबात नाही. पण पोराला डावपेच काय करायचेत? त्याला चेंडू लाथाडल्याचा धप्प आवाज ऐकू आला पाहिजे. टीव्हीवर तो कधीच येत नाही.

लिंबूटिंबू | १९ एप्रिल, दुपारी १:४४

आजोबा __/\__ "ढुंगणपुराण" असा वेगळा धागा काढा, मी रोज येईन.

मडगांवची_सून | १९ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

मी मूळची सावंतवाडीची, लग्न होऊन मडगावला आले. फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम घरापासून चालत वीस मिनिटं. इथे बायका, म्हाताऱ्या, तान्ही बाळं सगळे येतात, त्यामुळे तुमचा बायकांचा प्रश्न मला पडलाच नव्हता. आमच्या शेजारची आजी विणकाम घेऊन यायची. पेनल्टी असली तरच सुया खाली ठेवायची.

माझं सांगणं वेगळं आहे. हरण्याची तयारी करून न्या. मी लेकीला (तेव्हा सहा) पहिल्यांदा नेलं ते थेट आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) फायनलला, २० डिसेंबर २०१५. एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन, आपल्याच मैदानावर. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल केला, आम्ही २-१ पुढे. लेक माझ्या कमरेवर नाचतेय, शेजारच्या अनोळखी अंकलने तिला लाडू दिला. आणि मग ९०व्या मिनिटाला चेंडू आमच्याच गोलकीपरला लागून आत, आणि त्यानंतर दोनच मिनिटांत मेंडोझाचा गोल. ३-२. पाच मिनिटांत सगळं उलटं.

तिला कळेचना. ती म्हणाली, "आई, आपण जिंकलो होतो ना? मग परत का खेळले?" घरी येईपर्यंत रडली. वाटेत गाड्यावर रोस ऑम्लेट (रश्शातलं) घेतलं, ते रडत रडत पूर्ण खाल्लं. एका आठवड्याने विचारते, परत कधी जायचं. मला वाटलं ऑम्लेटसाठी. अजून नक्की माहीत नाही. आता सोळाची आहे आणि सीझन सुरू झाला की मला विचारतसुद्धा नाही, थेट निघते.

नेरुळची_चिंगी | १९ एप्रिल, रात्री ९:०२

आमचा किस्सा. ६ नोव्हेंबर २०२३, डी वाय पाटील स्टेडियम, मुंबई सिटी विरुद्ध अल हिलाल, आशियाई चॅम्पियन्स लीग. सोडतीत अल हिलाल आल्यापासून भाच्याला (सात) "नेमार बघायचा" हे वेड. तिकिटं मिळवली, पाठीवर दहा नंबर लिहिलेला पिवळा शर्ट आणला. आणि ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. आलाच नाही. भाच्याला आम्ही सांगितलं नाही, ही चूक. तो पहिला अर्धा तास एकेकाकडे बोट दाखवून विचारत होता, "तो का? तो का?" शेवटी माझा नवरा कंटाळून म्हणाला, "हो, तोच." मुंबई ०-२ हरली. भाचा अजून शाळेत सांगतो, मी नेमार पाहिलाय. आता सोळाव्या वर्षी खरं सांगायचं असं ठरलंय.

सांगायचा मुद्दा : कोण खेळणार, कोण नाही, आधी सांगा. आणि मोठ्या स्टेडियममध्ये बाहेरची पाण्याची बाटली, सुट्टी नाणी गेटवर काढून घेतात, पोराचा खाऊचा डबा उघडून बघतात. त्याला आधी सांगितलं नसेल तर तिथेच भोकाड.

हाउन्स्लोकर | २० एप्रिल, रात्री २:१८

लंडनला इथून जवळचा क्लब ब्रेंटफर्ड. जुनं मैदान ग्रिफिन पार्क, चारही कोपऱ्यांवर एकेक पब असलेलं, ते सुटून २०२० ला नवं झालं. मुलाला नव्यावर नेलं. इथे कुटुंबांसाठी वेगळा भाग असतो. दारू पिऊन मैदानाकडे बघत बसता येत नाही, १९८५चा कायदाच आहे तसा. प्यायची असेल तर आत, मैदान दिसणार नाही तिथे. मधमाशीच्या (क्लबचं चिन्ह) वेषातला माणूस पोरांशी हात मिळवत फिरतो. माझा मुलगा त्याला घाबरून माझ्या कोटात शिरला आणि पूर्वार्ध त्याने कोटाच्या बटणांमधून पाहिला.

शिव्यांबद्दल : त्या इथेही आहेत. फक्त चालीवर असतात, हजारो माणसं सुरात म्हणतात, म्हणून पोरांना पाठ लवकर होतात. तुमच्याकडच्या सुट्या शिव्या परवडल्या.

धाकटीला मात्र बायकांच्या मॅचपासून सुरुवात केली. २०२२ ची युरो फायनल, वेम्बली, इंग्लंड-जर्मनी, ८७,१९२ माणसं. एवढ्या गर्दीत इतक्या लहान मुली मी कधी पाहिल्या नव्हत्या. बायकांची मॅच मिळत असेल तर जरूर बघा. ठमीला मैदानात आपल्यासारखं कुणीतरी पळताना दिसेल.

मंगळवारपेठकर | २० एप्रिल, सकाळी ७:५५

@हाउन्स्लोकर, "सुट्या शिव्या" :)) भावा, नाद खुळा. आज हे कट्ट्यावर सांगणार.

पाऊसवेडी | २० एप्रिल, दुपारी १२:३०

सगळ्यांचे आभार. कानझाके मागवलेत. गुलाबी आलेत, साबुंना फोटो पाठवला तर म्हणाले, "रंग आपला न्हवं." मॅच सोपी निवडायची असं त्यांना बजावलंय. "बरं बरं" म्हणाले. त्या "बरं बरं"ची मला भीती वाटतेय. जाऊन आलो की लिहिते.

पाऊसवेडी | ९ मे, रात्री ११:१०

जाऊन आलो. उपांत्यपूर्व फेरी. "पहिल्या फेरीची चुकली, आता काय करणार," असं साबु तोंड वर करून म्हणाले. पेठ विरुद्ध पेठ नव्हती एवढीच त्यांनी घेतलेली काळजी.

चारची मॅच, आम्ही सव्वातीनला हजर. साबुंची पायरी ठरलेली आहे, गेली तीस वर्षं तीच. त्या पायरीच्या आजूबाजूला त्यांच्याच वयाचे सात-आठ जण बसतात. एकाने ठमीला विचारलं, "कुणाची गं तू?" ती म्हणाली, "पुण्याची." पूर्ण पायरी गप्प. साबुंनी एवढंच म्हटलं, "शिकवतोय."

बायका? आमच्या बाजूला मी धरून नऊ मोजल्या. प्रगती आहे.

कानझाके तिने पहिली दहा मिनिटं घातले. मग काढून आजोबांना घातले आणि हलगी सुरू झाली तशी स्वतः उभी राहून नाचायला लागली. कुकरला घाबरणारी हीच मुलगी. गोळीवालीताई, तुम्हीच सांगा याला काय म्हणायचं.

पूर्वार्धातले प्रश्न मी फोनवर टिपून ठेवले. "काळ्या कपड्यातले काका कुठल्या टीमचे?" कुणाच्याच नाहीत. "मग पळतायत कशाला?" एका संघात नायजेरियन खेळाडू होता, उंच, देखणा, त्याच्या पायात चेंडू आला की लोक नावाने हाका मारत होते. ठमी म्हणाली, "याची कुठली पेठ?" मागचे एक आजोबा म्हणाले, "आमचीच, बाळ." ते उत्तर तिला पटलं, मलाही.

अर्ध्या तासानंतर गोल झाला. आमच्या विरुद्ध. तेव्हा तिचं लक्ष भडंगाच्या पुडीत होतं. गलका ऐकून वर बघितलं आणि म्हणाली, "परत दाखवतील ना?" इथे परत दाखवत नाहीत हे सांगितल्यावर तिचा चेहरा खरोखर पडला. त्यानंतर मात्र पुडी बाजूला ठेवून ती जवळजवळ पंधरा मिनिटं डोळा न हलवता मैदानाकडे बघत होती. उत्तरार्धात आमचा गोल झाला तो तिने पाहिला, पूर्ण. कुलाबेकर आजोबा, धप्प आवाजसुद्धा आला.

शिव्या होत्या. साबुंनी पायरीवर दम भरला होता, त्यामुळे आजूबाजूचे सगळे "अरे तुझ्या..." म्हणून थांबत होते आणि मग खोकत होते. ठमीला वाटलं सगळ्यांना खोकला झालाय. लांबून आलेल्या ऐकू आल्याच. एक शब्द तिने विचारला. मी म्हटलं, रेफ्रीला बोलवायचा शब्द आहे. ही चूक पुढे महागात पडणार आहे.

वेळ संपली तेव्हा १-१. म्हणजे टायब्रेकर, पेनल्टीवर निकाल. सगळं स्टेडियम उभं. साबुंची मूठ घट्ट. आणि ठमी म्हणाली, "आई, शू."

निघताना झाली होती, रस्त्यात साबुंच्या मित्राच्या घरी झाली होती, मध्यंतराला विचारलं तर नको म्हणाली होती. आता एकदम तातडीची. मी उठले, तर साबुही उठले. मी म्हटलं, तुम्ही बसा, मॅच बघा. "गर्दीत तुम्ही दोघीच? चला." नवरा खाली मित्रांत, त्याला हाका पोचेनात. बाहेर आलो, रावणेश्वराच्या देवळाच्या बाजूने पलीकडे एका ओळखीच्यांचं दुकान, मागे त्यांचं घर, तिथे काम झालं. परत आलो तर गेटात माणसांची भिंत, आत शिरणं शक्य नाही.

मला इतकं ओशाळवाणं झालं. बहात्तर वर्षांचा माणूस, तीस वर्षं ठरलेली पायरी, आणि टायब्रेकरच्या वेळी भिंतीबाहेर. पण साबुंनी ठमीला कडेवर घेतलं, भिंतीला पाठ लावली आणि म्हणाले, "गप. ऐक आता."

आत एकदम शांतता. मग एक आवाज. "हा त्यांचा. गेला आत." परत शांतता. मग दुसरा आवाज, मला तर तसाच वाटला. "हा आपला. बघ, हलगी वाजली का न्हाई लगेच?" तिसऱ्याला आवाज आला तो सुरू होऊन मध्येच तुटला, मग दुसऱ्या बाजूने उसळला. "अडवला! आपल्यानं अडवला!" ठमीने त्यांच्या गळ्याला मिठी मारली. पुढच्यापासून तीही डोळे मिटून ऐकायला लागली. "आजोबा, गेला." "बरोबर." "आजोबा, हा आपला गेला." "बरोबर." एकदा ती म्हणाली "अडवला" आणि साबु म्हणाले "न्हाई, खांबाला लागला," आणि नंतर नवऱ्याने सांगितलं की खरंच खांबाला लागला होता. हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं. म्हणाले, "खांबाला लागलं की दोन्ही बाजूचे ओरडतात."

घरी आल्यावर तिने आजीला सगळी मॅच सांगितली. मैदानातली दोन वाक्यांत, भिंतीबाहेरची अर्धा तास, प्रत्येक आवाज काढून.

गोळीवाली | ९ मे, रात्री ११:२५

मध्यंतराला विचारायचं नसतं, न्यायचं असतं. पण या वेळी बरं झालं.

मडगांवची_सून | १० मे, सकाळी ६:४०

शेजारच्या आजीची आठवण आली. ती पण कधीकधी सुयांवरून नजर न उचलता सांगायची, "कॉर्नर."

कुलाबेकर | १० मे, सकाळी ८:१५

कडेवर घेऊन किती वेळ उभे होते? बहात्तराव्या वर्षी?

पाऊसवेडी | १० मे, सकाळी ९:०२

वीस मिनिटं तरी. आज कंबर धरलीय. साबांनी (सासूबाईंनी) शेकायची पिशवी दिलीय आणि एक शब्द बोललेल्या नाहीत, तो जास्त जड जातोय. ठमी शेजारी बसून त्यांना रेफ्रीला बोलवायचा शब्द म्हणून दाखवतेय.

मंगळवारपेठकर | १० मे, सकाळी ९:३०

सगळं लिवलंत वैनी, खांब लिवला, हलगी लिवली. जिंकलं कोण?

पाऊसवेडी | १० मे, सकाळी ९:४१

आपण. टायब्रेकरवर ४-३. आता उपांत्य फेरी तुमच्याशी आहे.

मंगळवारपेठकर | १० मे, सकाळी ९:४२

कानझाके घेऊन या.